ओरखडा कुणाचा? गोव्यात भाड्याने घेतलेल्या गाडीवरचा २१,६०० रुपयांचा दावा

गाडी परत दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी जेवायला बसत होतो तेव्हा भाडेकंपनीकडून व्हॉट्सॲपवर पाच फोटो आले. खाली हिशेब होता. पुढचा बंपर बदलणे ८,९०० रुपये, त्याचं रंगकाम ४,२००, मागच्या डाव्या चाकाचा अलॉय (धातूची रिम) ५,५००, आणि दुरुस्तीसाठी गाडी दोन दिवस उभी राहणार म्हणून दिवसाला १,५०० प्रमाणे ३,०००. एकूण २१,६००. डिपॉझिटचे ५,००० वळते करून घेतले आहेत, उरलेले १६,६०० रुपये अठ्ठेचाळीस तासांत भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू, असं शेवटी लिहिलेलं.

चार दिवसांचं भाडं मिळून सहा हजार झालं होतं. नुकसानीची मागणी त्याच्या साडेतीनपट. जेवण तसंच राहिलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या निम्म्या लोकांकडे असाच एक किस्सा निघाला. आणि बहुतेकांनी दोहोंपैकी एकच केलं होतं. एकतर कटकट नको म्हणून पैसे भरून टाकले, नाहीतर ‘आम्ही काही केलंच नाही’ म्हणत भांडले आणि डिपॉझिट घालवून बसले. मी पूर्ण निर्दोष नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरलं.

ओल्या गाडीचा ताबा

पुण्याहून विमानाने मोपाला उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. डिसेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पूर्ण अंधार. गाडी आणून देणारा मुलगा पार्किंगच्या टोकाला उभा होता. पाटी काळी आणि त्यावर पिवळे आकडे, हे मी बघून घेतलं. चालकाशिवाय भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी तशीच असावी लागते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी गोव्यात कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये. ते भाडं बेकायदा असतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ती काळजी इथे नव्हती.

गाडी नुकतीच धुतलेली होती. टपावरून, दारांवरून पाणी निथळत होतं. तेव्हा बरं वाटलं, स्वच्छ गाडी मिळाली म्हणून. ओल्या रंगावर बारीक ओरखडे दिसत नाहीत हे मला तेव्हा कळत नव्हतं. पाणी ओरखड्याच्या खाचेत भरतं आणि वरचा थर एकसंध चमकतो. सुकल्यावर तीच रेघ पांढरी उठून दिसते. त्यावर पार्किंगचे पिवळट दिवे. कंपनीच्या ॲपवर गाडीचे सहा फोटो चढवायचे होते, ते मी दोन मिनिटांत उरकले. मुलगा म्हणाला, “दादा, सही करा, पाठीमागे दुसरी गाडी द्यायचीये.” मी स्क्रीनवर बोट फिरवलं.

बायकोने मात्र मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती एक फेरी मारली आणि व्हिडिओ केला. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचा. प्रत्येक चाकापाशी ती वाकलेली आहे. या एका व्हिडिओने आमचे साडेपाच हजार वाचवले.

केरीची फेरीबोट

तिसऱ्या दिवशी आम्ही पेडण्यातल्या केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला गेलो. ओहोटी होती. अशा वेळी धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांत खोलगट कोन होतो, आणि गाडी आधी खाली जाऊन मग नाक वर करते. चढताना पुढून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. सगळ्यांनाच ऐकू आला.

तेरेखोलला उतरल्यावर मी खाली बसून बंपरच्या तळाच्या कडेवरून हात फिरवला. साधारण दीड वीत लांबीवर प्लास्टिक खरबरीत झालं होतं, रंग गेला होता. उभ्याने पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं. मी एक फोटो काढला, आणि कंपनीला कळवलं नाही. ‘दिसतच नाही, कशाला उगाच’ असा विचार केला. करारात लिहिलं होतं की काहीही लागलं-घासलं तर लगेच कळवा. ती चूक माझी.

परतीचं विमान सकाळचं. सव्वापाचला गाडी दिली, पुन्हा अंधारात. मुलाने एक चक्कर मारली, इंधनाचा काटा बघितला, “सब ठीक है” म्हणाला आणि चावी घेऊन गेला. परतीच्या तपासणीचा कागद झाला नाही, ॲपवर नोंद झाली नाही. माझ्याकडे त्या वेळचे चार फोटो होते, चारही बाजूंचे, पण बंपरच्या तळाचा एकही नाही.

फोटोंत काय दिसत होतं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. तिथल्या कारागिराला सगळे मामा म्हणतात. पंचवीस-तीस वर्षं हेच काम करतोय. कंपनीने पाठवलेले फोटो मी त्याच्या समोर धरले. त्याने चष्मा लावून एकेक मोठा करून पाहिला, आणि अर्ध्या तासात त्याने जे दाखवलं ते मला स्वतःला सुचलं नसतं.

पहिला फोटो बंपरच्या तळाचा. “हे तुझंच,” मामा म्हणाला. “रेघा बघ. सगळ्या पुढून मागे, एकमेकींना समांतर. गाडी पुढे जाताना खालून घासली की अशाच येतात.” मी मान डोलावली.

दुसरा आणि तिसरा फोटो बंपरच्या उजव्या वरच्या कोपऱ्याचा. तिथे बोटभर चीर होती आणि हेडलाइटखालची क्लिप निसटून फट पडली होती. बंपर ‘बदलायला’ लागत होता तो या चिरेमुळे. मामा म्हणाला, “हा वेगळा मार आहे. हा कोपरा कुठेतरी खांबाला किंवा भिंतीला दाबला गेलाय, पार्किंग करताना. खालून घासून वरचा कोपरा फाटत नाही.” माझ्या परतीच्या फोटोत तो उजवा कोपरा स्पष्ट आला होता. फट नव्हती.

चौथा, पाचवा फोटो अलॉयचा. इथे मामाने मला जवळ बोलावून दाखवलं. अलॉयवर ताजा ओरखडा पडला की आतलं ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि चांदीसारखं चमकतं. काही आठवडे गेले की ते मळकट करडं होतं, खाचेत ब्रेकची काळी पूड बसते. फोटोतला ओरखडा करडा होता, आणि त्याच्या कडेला गोव्याची तांबडी माती वाळून घट्ट बसली होती. मग मी बायकोचा व्हिडिओ लावला. अठ्ठावन्नाव्या सेकंदाला, टॉर्चच्या उजेडात, मागच्या डाव्या चाकावर तोच चंद्रकोरीसारखा ओरखडा. ओल्या गाडीवर बाकी सगळं लपलं होतं. हा खोल असल्यामुळे लपला नव्हता.

म्हणजे एका हिशेबात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. एक माझ्या हातून झालेली, एक माझ्या आधीची, आणि एक माझ्या नंतरची. नंतरची कशावरून? त्या रात्री बायकोने ॲपवर त्याच गाडीचं पान उघडलं. खाली भाडेकरूंचे अभिप्राय होते. आम्ही गाडी परत दिल्याच्या दुसऱ्याच दिवसाचा एक अभिप्राय तिथे होता: गाडी वेळेवर मिळाली, एसी चांगला आहे. म्हणजे आम्ही सकाळी सव्वापाचला दिलेली गाडी लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली होती, आणि आम्हाला आलेले फोटो त्यानंतरचे होते. आम्ही तेवढ्यात स्क्रीनशॉट काढून ठेवला. आठवड्याने पाहिलं तेव्हा तो अभिप्राय तिथे दिसत नव्हता.

पत्र

फोनवर बोलायचं नाही असं ठरवलं. त्यांचे फोन येत होते, दर वेळी नवा आवाज, दर वेळी ‘सर, सिस्टीममध्ये असं दाखवतंय’. मी प्रत्येकाला एवढंच म्हणालो की ईमेलवर लिहा.

पहिल्या ईमेलची सुरुवात मी कबुलीने केली. बायकोला ते पटलं नव्हतं. आपण होऊन का सांगायचं, असं तिचं म्हणणं. मी लिहिलं: “अमुक तारखेला केरीच्या फेरीबोटीवर चढताना बंपरची तळची कड घासली. त्याचा त्याच दिवशीचा फोटो सोबत जोडला आहे. ही बाब तेव्हाच कळवायला हवी होती, ती कळवली नाही, ही माझी चूक आहे. या घासण्याच्या दुरुस्तीचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे.” त्यानंतर बाकीच्या तीन रकमा एकेक करून नाकारल्या, प्रत्येकीखाली पुरावा. आणि मागणी केली: तुमच्या फोटोंच्या मूळ फाइली, माझ्या ताब्याआधीच्या गिऱ्हाइकाच्या परतीचे फोटो, दुरुस्तीचं जीएसटी बिल (एस्टिमेट चालणार नाही), आणि काढलेला जुना बंपर जपून ठेवावा.

मूळ फाइलींचा आग्रह यासाठी, की व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यातली तारीख, वेळ, ठिकाण यांची माहिती गळून पडते. त्यांच्या पाचही फोटोंवर तारीख नव्हती. माझे फोटो आणि व्हिडिओ मी ईमेलला जसेच्या तसे जोडले, आणि मोबाइलमधल्या मूळ प्रती हलवल्या नाहीत. प्रकरण पुढे गेलं असतं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत जोडायचं, प्रमाणपत्र लागलं असतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते देणं सोपं जातं.

उत्तर चार दिवसांनी आलं. अलॉयबद्दल अवाक्षर नाही. बंपरबद्दल नवाच मुद्दा. मी बुकिंग करताना दिवसाला ३४९ रुपये जास्तीचे भरून नुकसान-संरक्षण घेतलं होतं. त्यानुसार बाहेरच्या भागाचं नुकसान झालं तर माझी जबाबदारी जास्तीत जास्त ५,००० रुपये. टायर, अलॉय आणि गाडीचा तळ हे त्यातून वगळलेले. कंपनीचं म्हणणं: बंपरची खालची कड म्हणजे तळ, म्हणून ५,००० ची मर्यादा लागू नाही, पूर्ण रक्कम भरा.

हे वाचून मी करार पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. तळ म्हणजे काय याची व्याख्या त्यात नव्हती. पण ताबा घेताना सही केलेल्या ॲपच्या तपासणी-नकाशात ‘पुढचा बंपर’ हा बाहेरच्या भागांच्या यादीत होता. त्यांच्याच कागदावर बंपर बाहेरचा भाग. आणि त्यांनी बिल लावलं होतं ते बंपर बदलण्याचं आणि रंगवण्याचं. तळाच्या कुठल्याही भागाचं काम त्यात नव्हतं. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी लावून परत पाठवली.

मग शांतता. कुणी काही लिहीना, डिपॉझिटही परत येईना.

कायदा कुठे उपयोगी पडला

दुसऱ्याची वस्तू वापरायला घेतली की भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे तिची काळजी आपल्या स्वतःच्या वस्तूइतकी, सर्वसाधारण शहाण्या माणसाने घ्यावी तेवढी घ्यावी लागते. वस्तू आपल्या ताब्यात असताना बिघडली असेल, तर काळजी घेतली होती हे दाखवायचं ओझं सहसा आपल्यावरच येतं. म्हणून खरी लढाई ‘काळजी घेतली का’ इथे नसते, ‘माझ्या ताब्यात झालं का’ इथे असते. अलॉय आणि वरचा कोपरा या दोन्ही बाबी मी तिथेच अडवल्या होत्या.

किती द्यायचं हा वेगळा प्रश्न. त्याच कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात आधीच एखादी रक्कम लिहून ठेवली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेल्या रकमेच्या वर नाही. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तिथे ते सिद्ध करावंच लागतं. गाडी उभी राहिल्याचे ३,००० रुपये इथेच कोसळले. हिशेब आला त्या दिवसापर्यंत गाडी एका दिवसासाठीही उभी राहिली नव्हती.

जुन्याच्या जागी नवं, हाही मुद्दा मी मांडला. गाडी चार वर्षांची. साध्या मोटार विम्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर विमा कंपनी निम्मा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापते. मालकाला स्वतःच्या विम्यातून जे पूर्ण मिळालं नसतं ते गिऱ्हाइकाकडून पूर्ण का? याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही, पण मुद्दा खोडलाही गेला नाही.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे ॲपवरून सेवा देणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रारीचा निकाल लावायचा. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता ॲपच्या अगदी तळाच्या बारीक अक्षरांत सापडला. त्याला सगळा पत्रव्यवहार पाठवला. पोच आली, पुढे काही नाही. महिना उलटल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीवर सक्ती करत नाही. तक्रार कंपनीकडे धाडते आणि उत्तर मागते. तरी त्याचा उपयोग झाला. पहिल्यांदाच पलीकडून असा माणूस लिहू लागला ज्याने आधीचे ईमेल वाचलेले होते.

त्याने आधी करारातलं न्यायक्षेत्राचं कलम पुढे केलं: वाद झालाच तर परराज्यातल्या एका शहरात, तोही लवादापुढे. हे वाचून बहुतेक माणूस तिथेच थांबतो. थांबायचं कारण नव्हतं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आणि करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. मी ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करायच्या ई-जागृती पोर्टलवर पुणे जिल्हा आयोगासाठी तक्रारीचा मसुदा तयार केला आणि त्यांना पाठवून दिला. त्यात ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापार प्रथा’ एवढेच दोन मुद्दे ठेवले. कराराचं कलमच अवाजवी आहे असा मुद्दा मोह होऊनही घातला नाही, कारण त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं आणि पाच हजारांच्या वादाला ते ओझं झेपलं नसतं.

शेवट कसा झाला

मसुदा पाठवल्यानंतर नवव्या दिवशी दुरुस्तीचं खरं बिल आलं. बंपर बदललेलाच नव्हता. तळ घासून, भरून, तेवढा पॅनल रंगवून घेतला होता, आणि वरच्या कोपऱ्याची क्लिप बसवून चीर आतून जोडली होती. तळाच्या कामाचे आणि रंगाचे ३,८०० रुपये, कोपऱ्याचे वेगळे. मामाला दाखवलं तर म्हणाला, “तीन-चार हजार बरोबर आहे. मीसुद्धा एवढेच घेतले असते.”

त्यांनी अलॉय, कोपरा आणि दोन दिवसांचं भाडं सोडलं. मी ३,८०० मान्य केले. वरच्या सगळ्या कलमांची उजळणी करून तेही वाचवायचा प्रयत्न करता आला असता. घसाऱ्याचा मुद्दा हाताशी होता. पण बंपर मी घासला होता, कळवलं नव्हतं, आणि ती दुरुस्ती कुणीतरी पैसे देऊन करून घेतली होती. ते पैसे त्यांचे होते.

नंतर त्या नव्या माणसाशी एकदाच फोनवर बोलणं झालं. मी विचारलं, तुम्ही इतक्या लवकर अलॉय का सोडला? तो म्हणाला, “सर, तुम्ही पहिल्याच मेलमध्ये फेरीबोटीचं लिहिलं होतं. आमच्याकडे रोज शंभर लोक ‘काहीच केलं नाही’ म्हणतात. तुमची फाइल वाचावीशी वाटली.” हे बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी तिने तो व्हिडिओ आणखी दोन ठिकाणी साठवून ठेवला.

डिपॉझिटमधून ३,८०० वजा होऊन १,२०० रुपये परत आले. पैसे खात्यावर दिसल्यावर मी प्रकरण मिटलं असं धरून चाललो होतो. बायको म्हणाली, मिटलं हे त्यांनी लिहून दिलंय का? नव्हतं दिलं. ॲपवर आमच्या नावापुढे १६,६०० रुपये ‘येणे’ म्हणून अजून लाल अक्षरांत दिसत होते, आणि अशी येणी वसुलीवाल्यांकडे सोपवण्याची मुभा करारात होती. पुन्हा ईमेल, पुन्हा आठवण, पुन्हा आठवण. अकरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: सदर बुकिंगबाबत आपल्याकडून कोणतीही रक्कम येणे नाही. त्याची छापील प्रत आता गाडीच्या करारासोबत त्याच फाइलमध्ये आहे.